चार खोल्यांचे गडदे गुरुजी

आमच्या शाळेतले सुविचार संपले, आणि गडदे गुरुजी सुरू झाले.

तसे ते शाळेत माझ्या आधीपासून होते. पण होते म्हणजे काय, हजेरीपटावर होते. लांब मान, किडकिडीत अंग, डोक्याच्या दोन्ही बाजूंना कपाच्या कानांसारखे कान, आणि सदऱ्याचा खिसा कायम खडूनं पांढराफेक. "व्हय" आणि "बराबर" ह्या दोन शब्दांवर त्यांचा शाळेतला अख्खा दिवस निघायचा. मी तशी तोंडाची फाटकी. असल्या मुक्या माणसांजवळ मला गुदमरायला होतं. पहिले काही महिने तर मला वाटायचं, ह्यांना तिसरीचा वर्ग मिळालाय तो पोरं काही विचारत नाहीत म्हणूनच.

गाव सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला, कालव्याच्या काठावर. तेव्हा आमचा जिल्हा परभणीच होता, हिंगोलीला जिल्ह्याचा मान मिळायला अजून अवकाश होता. मी हिंगोलीहून येऊन-जाऊन नोकरी करायची. औंढ्याला बस बदलायची, फाट्यावर उतरायचं आणि धुरळा खात शाळा गाठायची. शाळेच्या फाटकाशी सिमेंटचा एक फळा होता. त्याच्या डोक्यावर तैलरंगात कायमचं लिहून ठेवलेलं, 'आजचा सुविचार'. खाली रोज एक चांगलं वाक्य लिहायचं काम हेडमास्तरांनी गडदे गुरुजींच्या गळ्यात मारलेलं. हेडमास्तरांना सगळे मोठे गुरुजी म्हणायचे. त्यांच्याकडं सुविचारांचं एक पुस्तक होतं, त्यातून उतरवायचे. त्या पुस्तकाला वाळवी लागली. एक पान तेवढं वाचलं, आणि त्यावरचं 'नेहमी खरे बोलावे' हे गडदे गुरुजी रोज लिहायला लागले. सोमवारी नेहमी खरे बोलावे, मंगळवारी नेहमी खरे बोलावे. गावातली माणसं फळ्याकडं बघेनाशी झाली.

आणि एके दिवशी मी फाट्यावरून येते तर फाटकाशी ही गर्दी! मला वाटलं साप निघाला. पुढं घुसून बघते तर सगळे हसतायत.

फळ्यावर चार चौकोन काढलेले. पहिल्यात कपाच्या कानांचा एक माणूस लिंबाखाली घोरत पडलेला. दुसऱ्यात तोच माणूस घराच्या दारात उभा, आणि तोंडातून निघालेल्या फुग्यात शब्द, "आज मीटिंग लई लांबली." तिसऱ्यात एक बाई, कमरेवर दोन्ही हात, मागं अंबाडा, नाकात चमकी, कपाळावर लालभडक कुंकू. तिचा फुगा, "व्हय का? मीटिंगला मुंग्या बी आल्या व्हत्या वाटतं." आणि चौथ्यात त्या माणसाच्या पाठीवर लिंबाचा पाला, मुंग्यांची रांग, आणि बाईच्या हातात खराटा.

मोठे गुरुजी तापले. "गडदे, हे काय? सुविचार कुठाय?"

गडदे गुरुजी मान खाली घालून म्हणाले, "सर, खोटं कशाला बोलू. रोज लिवत व्हतो नेहमी खरे बोलावे, अन् घरी जाऊन थापा मारत व्हतो. म्हणलं, एक दिवस फळ्यावर तरी खरं बोलून बघावं."

मोठ्या गुरुजींना नको तिथं हसू फुटलं. एकदा हसल्यावर माणसानं रागवायचं कसं? ते नुसते "उद्यापासून बघू" म्हणून आत गेले, आणि ते उद्या पुढं कित्येक वर्षं आलंच नाही.

दुपारी कौसाबाई आल्या. गुरुजींची बायको. चित्रातली आणि ही, काही फरक नव्हता. चौथीपर्यंत शिकलेल्या. फळ्याजवळ जाऊन अक्षराखाली बोट फिरवत त्यांनी सगळं वाचलं. वाचून झाल्यावर गुरुजींकडं वळून म्हणाल्या, "खराटा न्हाई, फडा व्हता." आणि घरी गेल्या. गुरुजींनी लगेच खराटा पुसून तिथं फडा, म्हणजे घरातली केरसुणी, काढला.

त्या दिवसापासून तो फळा त्या दोघांचा झाला.

चौकोनाला गुरुजी खोली म्हणायचे. "राहायला येकच खोली हाय बाई, पण फळ्यावर रोज चार बांधतो." त्यांची लेक सासरी गेलेली. घरात दोघं नवरा-बायको आणि एक शेळी. शेळीचं नाव मेंबर, कारण दिसेल ते खायची. एकदा सरकारी कामाचा एक कागद तिनं खाल्ला, आणि गुरुजींनी मोठ्या गुरुजींना सरळ सांगितलं, "कागद मेंबरनं खाल्ला." मोठे गुरुजी बिचारे ग्रामपंचायतीच्या प्रत्येक मेंबरकडं संशयानं बघत फिरले. तेही दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलं, आणि चौथ्या खोलीत कौसाबाई शेळीला म्हणत होत्या, "चावून खाल्लास ना माय? सरकारी कागद लवकर पचत न्हाई."

संध्याकाळी शाळा सुटली की गुरुजी फळ्यापुढं उकिडवे बसायचे. पेल्यात पाणी घेऊन त्यात खडू भिजत घालायचे. ओल्या खडूची रेघ आधी दिसतच नाही, वाळत आली की हळूहळू उजळते. तोवर गुरुजी मागं सरकून वाट बघत बसायचे, आणि चित्र उमटलं की एकटेच खी खी करून हसायचे. स्वतःच्याच फजितीला एवढं मनापासून हसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. खडू सगळे पांढरे. लाल तेवढा एक. तो काडेपेटीत जपून ठेवलेला, आणि त्याचा उपयोग एकच, कौसाबाईचं कुंकू.

किती चित्रं सांगू? घरात पहिल्यांदा कुकर आला, तेव्हा शिट्टीला भिऊन हातात काठी घेऊन अंगणात उभे राहिलेले गुरुजी. हिंगोलीच्या बाजारातून बायकोला मोठ्या हौसेनं साडी आणली, ती आधीच्या दोन साड्यांच्याच रंगाची निघाली, आणि तिन्ही साड्या बाजेवर मांडून कौसाबाई विचारतायत, "सांगा, आता ही नेसू, का ही नेसू, का ही नेसू?" आजारपणाचं सोंग करून निजलेले गुरुजी, आणि "मंग आज नुसती पेजच करते" म्हटल्यावर ताडकन उठून बसलेले गुरुजी. ह्यात एकही गोष्ट बनवलेली नसायची. मी खोदून खोदून विचारायची, कारण मला शंका फार. कौसाबाई म्हणायच्या, "झालं तसंच काढलंय बाई. उलट पेजेत मीठ बी घातलं नव्हतं, ते लिवलं न्हाई ह्यांनी."

गुरुजींचा एक नेम होता. आपल्या घराबाहेरचं माणूस फळ्यावर काढायचं नाही. गावात भाऊबंदकी काय कमी? एक जण एका सकाळी कोंबडा काखेत मारून आला. म्हणाला, "गुरुजी, माझ्या भावाला काढा येकडाव. नाक लांब काढा, अन् फुग्यात लिवा की बांध कोरतो म्हणून. ह्यो कोंबडा तुमाला." गुरुजींनी त्याला बसवलं, चहा पाजला, आणि कोंबड्यासकट परत पाठवला. मला म्हणाले, "बाई, दुसऱ्याची टिंगल लई सोपी. खोटं कशाला बोलू, हात शिवशिवले व्हते माझे. पण मंग उद्या त्यो भाऊ बकरं घेऊन येईल, आन् मी काय खाटीक हाय का?" दुसऱ्या दिवशी फळ्यावर आले ते गुरुजी आणि कोंबडाच. कोंबडा आणणाऱ्याचं तोंड नाही, नाव नाही. चौथ्या खोलीत नुसत्या डाळीचं कालवण ढवळत कौसाबाई म्हणतायत, "चित्र नव्हतं काढायचं तर नव्हतं. कोंबडा तरी ठेवून घ्यायचा!"

गावातल्या बायकांचा जीव त्या चौथ्या खोलीवर. तिथं शेवटचा शब्द कौसाबाईचा. पाण्याला जाताना डोक्यावरचे हंडे सांभाळत बाया फळ्यापुढं थांबायच्या, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्या सरळ बोट ठेवून विचारायच्या, "आज काय म्हणली कौसा?" एकदा एक जण माझ्याजवळ हसता हसता बोलून गेली, "आमच्या घरात चौथी खोलीच न्हाई वो बाई."

असं सगळं छान चाललेलं, आणि लाल खडू संपला.

गुरुजींना दुसऱ्या दिवशी औंढ्याला प्रशिक्षणाला जायचं होतं. संध्याकाळी घाईघाईत त्यांनी चार खोल्या उरकल्या. काडेपेटी उघडली तर आत नुसता लाल भुगा. म्हणाले, उद्या येताना औंढ्याहून आणू आणि मग लावू कुंकू. चारातल्या तीन खोल्यांत कौसाबाई होत्या, त्या तिन्हीत त्यांचं कपाळ कोरं राहिलं. आणि पहाटेच्या बसनं गुरुजी निघून गेले.

सकाळी गावातली एक म्हातारी फळ्यापुढं थबकली. तिला वाचता येत नव्हतं, पण कपाळ कळत होतं. ती हातातली पिशवी तिथंच टाकून व्हरांड्यात आली. मोठे गुरुजी हजेरी घेत होते. पुढचं बोलणं मोठ्या गुरुजींनीच मला मागाहून सांगितलं, दोन्ही हातांनी डोकं धरून.

"मोठे गुरुजी, गडदे गुरुजी कुठं हायेत वो?"

"गेले."

"अगं माय! कवा?"

"पहाटंच."

"असं अचानक?"

"वरून बोलावणं आलं, आजी. जावंच लागतं. आज त्यांचा नंबर लागला, उद्या आमचा लागंल."

आता सांगा, ह्यात मोठ्या गुरुजींचं एक तरी अक्षर चुकलं का? आमच्याकडं घरातनं निघताना माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, ते उगाच नाही.

म्हातारी गुरुजींच्या घरी गेली, तर दाराला कुलूप. कौसाबाई भुईमूग काढायला दुसऱ्याच्या शेतात गेलेल्या, पार कालव्याच्या पलीकडं, शेळीही बरोबर. कुलूप बघून म्हातारीची खात्रीच पटली. मयत दवाखान्यात असंल, बाईला तिकडंच नेलं असंल. नेमका एक जण हट्ट्याला निघालेला. हट्टा म्हणजे कौसाबाईंचं माहेर. त्याच्याकडं निरोप गेला.

दुपार कलली तशी एक काळी-पिवळी जीप रडत रडत गावात शिरली. जीपमध्ये कौसाबाईंचा भाऊ, भावजय आणि भावकीतली माणसं, एकमेकांच्या मांडीवर. ती गुरुजींच्या दारात उतरायला आणि डोक्यावर गवताचा भारा घेऊन कौसाबाई यायला एकच गाठ पडली. आवाज ऐकून मी शाळेतून पळत गेले. सांगते ते माझ्या डोळ्यांदेखतचं.

भाऊ "आक्का!" म्हणून गळ्यात पडला. भावाला रडताना बघून कौसाबाईंना वाटलं, आई गेली. त्यांनी भारा फेकला आणि मोठ्यानं गळा काढला.

"असं कसं झालं गं आक्का!"

"मला कुणी सांगितलं बी न्हाई रं!"

"मला तर सकाळीच कळलं!"

"मंग मला काहून न्हाई सांगितलं? तोंड तरी बघितलं असतं रं मी!"

भाऊ रडता रडता थांबला. नवरा हिचा, मग हिला काय सांगायचं? त्याला काही उमजेना, म्हणून तो पुन्हा रडायला लागला. दोघं बहीण-भाऊ दोन वेगवेगळ्या माणसांसाठी रडत होते, आणि दोन्ही माणसं ठणठणीत होती. मला आत्ता हसू येतंय. तेव्हा नाही आलं. कारण तेवढ्यात ती म्हातारी पुढं झाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, रीत होती म्हणून पुढं झाली. तिनं आपल्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि कौसाबाईंच्या कपाळाकडं हात नेला.

कौसाबाईंचं रडणं जागच्या जागी थांबलं. त्यांना कळलं. आई नाही. त्या झटक्यात मागं सरकल्या आणि उजव्या हाताचा तळवा कपाळावर असा काही दाबून धरला, की दोन बायांना तो निघाला नसता. तशाच उंबऱ्यावर बसल्या. कुणाला जवळ येऊ देईनात.

आणि गर्दीच्या मागून आवाज आला, "काय झालं वो? कोण गेलं?"

गडदे गुरुजी. हातात पिशवी, पिशवीत लाल खडू. म्हातारी किंचाळली. भाऊ "दाजी!" म्हणून ओरडला आणि मागच्या मागं जीपवर आदळला. गुरुजींना माणसं दिसत होती, रडं ऐकू येत होतं, बायको दिसत नव्हती. माणसं बाजूला सारत ते पुढं आले, उंबऱ्यावर कौसाबाई दिसल्या, आणि त्या माणसानं गुडघे टेकून विचारलं काय, तर, "कौसे, डोकं दुखून राहिलं का?"

मग हसणं, मग पुन्हा रडणं, मग सगळ्यांना चहा. हट्ट्याच्या माणसांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाऊ जेवताना दर घासाला दाजींच्या खांद्याला हात लावून बघत होता. मोठे गुरुजी येऊन दोनदा माफी मागून गेले. पण कौसाबाई हसल्या नाहीत. पाहुणे गेल्यावर त्या एवढंच बोलल्या, "मला फळ्यावरून काढा. माझं कपाळ म्हंजी काय खडूचं हाय? असला तर लावायचा, नसला तर न्हाई?"

गुरुजी "व्हय" म्हणाले.

पुढचे काही दिवस फळ्यावर गुरुजी आणि मेंबर. शेळी ती शेळी, ती काय बोलणार? मग गुरुजींनी एक युक्ती केली. कौसाबाईला काढलं नाही, पण चौकोनाच्या कडेबाहेरून नुसता तिचा फुगा आत आणला. संध्याकाळी निरोप आला, "माझा आवाज बी काढा." फुगाही गेला. आणि एका सोमवारी मी येऊन बघते तर फळ्यावर पुन्हा 'नेहमी खरे बोलावे'.

पाण्याला जाणाऱ्या बाया थांबेनाशा झाल्या. गुरुजी पुन्हा 'व्हय' आणि 'बराबर'वर आले. माझा जीव नुसता तडफडला. मी मोठ्या गुरुजींशी भांडले, गडदे गुरुजींशी भांडले, लाल खडूचा डबाच्या डबा हिंगोलीहून आणून टेबलावर आपटला. गुरुजींनी डबा हळूच माझ्याकडं सरकवला. म्हणाले, "बाई, तुमी म्हणता तसं लई खडू मिळतील. पण तिला त्या दिवशी असं कपाळ झाकून बसावं लागलं, ते माझ्यापायी. माझ्या हसण्यापायी. मला आता हसू येत न्हाई, खोटं कशाला बोलू."

पावसाळा गेला, दिवाळी गेली. एकदा मधल्या सुट्टीत कौसाबाई शाळेच्या नळावर भेटल्या. मी गप्प बसणार होते. नाही जमलं. म्हटलं, "कसं काय चाललंय?"

"कशाचं काय बाई," त्या हंड्याला टेकून उभ्या राहिल्या. "ह्यो माणूस भांडतच न्हाई. भाजी खारट झाली तरी बराबर. उशीर झाला तरी बराबर. म्या मुद्दाम मेंबरला गादीवर बसवलं, तरी बराबर! घरात करमंनासं झालंय."

"मग तुम्ही भांडा की!"

"येकटीनं कसं भांडू?"

मी हसले. त्याही हसल्या. मग हंडा नळाखाली सरकवत म्हणाल्या, "त्या दिवशी दोन घटका मला वाटलं की ह्ये गेले. खरंच वाटलं. अन् काय आठवलं ठाव हाय का? पहाटं निघताना आमचं भांडण झालं व्हतं. म्या म्हणले, त्या प्रशिक्षणात तरी जागं ऱ्हावा. ह्ये रागानं तसंच गेले, पाणी बी न्हाई पेले. उंबऱ्यावर बसून मला तेच दिसायलं. भांडण तसंच ऱ्हायलं, असं वाटलं. एरवी कसं, सकाळी भांडलं की ह्ये फळ्यावर काढायचे, मंग सारं गाव हसायचं, मंग मला बी हसू यायचं, अन् भांडण मिटायचं. आता आमचं येक बी भांडण मिटत न्हाई बाई. सगळी घरातच पडून हायेत."

मी काही सुचवलं नाही, देवाशपथ.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना चालू होती. कौसाबाई फाटकातून आत आल्या. हातात कुंकवाचा करंडा. पोरं प्रार्थना विसरून बघायला लागली. त्यांनी ओल्या फडक्यानं 'नेहमी खरे बोलावे' पुसून टाकलं आणि रांगेसमोर उभ्या असलेल्या नवऱ्याला सगळ्या शाळेदेखत म्हणाल्या, "या. काढा मला. पण कपाळ म्या लावणार. रोज. माझं म्या लावीन, ते तुमच्या खडूचं काम न्हाई."

गुरुजींना खडू भिजवायचाही धीर नव्हता, कोरड्यानंच काढायला लागले. चार खोल्या काढल्या. पहिल्या तिन्हीत खारट भाजी खाऊन "बराबर" म्हणणारा माणूस. चौथ्यात कौसाबाई, आणि फुगा रिकामा. गुरुजींनी मागं वळून बायकोकडं बघितलं. कौसाबाईंनी करंड्यातलं कुंकू तेलाच्या बोटानं कालवलं आणि चित्रातल्या बाईच्या कपाळावर टेकवलं. मग म्हणाल्या, "लिवा. 'उद्यापास्नं न भांडणाऱ्याला भाकर मिळणार न्हाई.'"

मोठ्या गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. प्रार्थना तशीच राहिली.

त्यानंतर कितीतरी वर्षं कौसाबाई सकाळी येऊन बोट टेकवून जायच्या. कुठं लग्नाकार्याला जायच्या तेव्हा फळा बंद. गावही तसं सांगायचं, "आज चित्र न्हाई, कौसा माहेराला गेली." मध्यंतरी आमचा हिंगोली जिल्हा झाला, मोठे गुरुजी निवृत्त झाले, माझी बदली हिंगोलीजवळ झाली. गडदे गुरुजी त्याच गावातून निवृत्त झाले आणि लेकीच्या जवळ म्हणून हिंगोलीतच येऊन राहिले.

त्यांच्या अंगावरून वारं गेल्याचं मला बाजारात कळलं. हळदीच्या मोसमात, पोत्यांच्या गर्दीतून वाट काढत मी त्यांचं घर शोधत गेले. मनाची तयारी करूनच गेले होते. गुरुजी ओट्यावर खुर्चीत बसलेले, उजवा हात मांडीवर ठेवलेला, जिभेला जरा जडपणा. पण मला बघून कान हलले. खरंच हलले!

ओट्याच्या बाजूच्या भिंतीवर काळा रंग मारून घेतलेला, चार खोल्या आखलेल्या. रेघा वाकड्या. भिंतीपुढं कौसाबाई उकिडव्या बसलेल्या, बोटं खडूनं माखलेली.

"आता ह्या काढत्यात," गुरुजी म्हणाले. "मला बोलून राहिल्या सकाळपासून. मला बघा कसं काढलंय. ह्यो माणूस हाय का रताळं?"

"हाय तसंच काढलंय," कौसाबाई मागं न बघता म्हणाल्या.

त्या आता चौथ्या खोलीला लागल्या होत्या. स्वतःला काढायचं होतं. त्यांनी पांढरा खडू बाजूला ठेवला, जवळचा कुंकवाचा करंडा उघडला, आणि त्या मोकळ्या काळ्या चौकोनाच्या मधोमध आधी एक कुंकू काढलं. नुसतं कुंकू. ना चेहरा, ना अंबाडा. बोटानं त्याची कड नीट करत बसल्या.

"असं कोणी काढतं का," गुरुजी कुरकुरले. "आधी तोंड काढावं, मंग कपाळ. किती येळा सांगितलं."

कौसाबाईंनी त्यांच्याकडं वळून बघितलं. त्या मांडीवरच्या हाताकडं बघितलं.

"आधी हे असू द्या," त्या म्हणाल्या. "तोंड काय, मागून बी काढता येतं."

गुरुजींनी डाव्या हातानं पांढरा खडू पेल्यातल्या पाण्यात बुडवला आणि तिच्यापुढं धरला.